आमवात: बोटं आखडली तर वाट पाहू नका

चार वर्षांपूर्वी गणपतीत मंडळाच्या प्रसादासाठी ५१ उकडीचे मोदक करायचं मी मोठ्या हौसेनं कबूल केलं होतं. पाचव्याच मोदकाला पाकळ्या पाडता येईनात. उकड बिघडली असं समजून पुन्हा मळायला घेतली, तर मनगटातून कळ आली. उरलेले मोदक मुलीनं साच्यातून काढले आणि "आई जरा दमली आहे" असं सांगून आम्ही वेळ मारून नेली.

त्यानंतर रोज सकाळी बोटं सुजून आखडलेली असायची. ब्लाउजचे हूक लागत नसत, दुधाच्या गॅलनचं झाकण फिरत नसे. तास-दीड तासानं हात सैल होत आणि मी कामावर जात असे. फोनवर सांगलीहून आई म्हणाली, "वात आहे गं, नारायण तेल लाव." घरच्यांचं निदान होतं, "कॉम्प्युटर फार वापरतेस." मग ओळखीच्या एका वहिनींनी भारतातून आणलेल्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत सूज गायब! त्या गोळ्यांच्या भरवशावर मी आठ-नऊ महिने काढले.

त्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या. वहिनींनी मायेनं दिल्या, न विचारता घेतल्या मी. सूज दबली, पण आजार आतून चालूच राहिला. अखेर सांध्यांच्या तज्ज्ञांकडे पोचले तेव्हा एक्स-रेमध्ये उजव्या हाताच्या दोन सांध्यांची हाडं कडेनं कुरतडल्यासारखी दिसत होती. आज औषधांमुळे माझं सगळं नीट चाललं आहे. पण उजव्या हाताचं मधलं बोट करंगळीकडे कललं ते कललंच.

मी डॉक्टर नाही. पण या चार वर्षांत जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, ते आपल्या मंडळींपर्यंत पोचावं म्हणून हा लेख.

एकच नाव, दोन आजार

आपण सांध्यांच्या सगळ्या दुखण्यांना सरसकट 'संधिवात' म्हणतो. तिथेच घोटाळा होतो. आजीचे गुडघे दुखतात, तो बहुतेक वेळा झिजेचा संधिवात असतो. त्यात सांध्यातली कूर्चा वयानुसार झिजते, चालल्यावर दुखतं आणि बसल्यावर बरं वाटतं.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपल्याकडे साधारणपणे आमवात म्हणतात, तो वेगळा. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. घरच्या राखणदारानं घरातल्याच माणसांना चोर समजावं, तसा हा प्रकार. तो तिशी-चाळिशीतही होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांत दोन ते तीन पट जास्त आढळतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. तिथे दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला हा आजार आढळला. म्हणजे मंडळाच्या दिवाळीला भरलेल्या सभागृहात एक-दोघं तरी असायला हरकत नाही.

ओळखायचं कसं? सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडणं, दोन्ही हातांचे किंवा पायांचे लहान सांधे एकाच वेळी सुजणं, हालचाल केल्यावर बरं वाटणं आणि सतत थकवा ही मुख्य लक्षणं. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या करतात. मात्र त्या निर्दोष आल्या तरी आजार असू शकतो, म्हणून निव्वळ रिपोर्टवर निश्चिंत राहू नये.

अभ्यास काय सांगतात?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी, की सांधे सुजल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण तज्ज्ञांकडे पोचावा आणि तीन महिन्यांत मूळ आजारावरचं औषध सुरू व्हावं. हाडाची झालेली हानी नंतर भरून येत नाही.

हे औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असतं. त्यामागे आपल्या एका देशबांधवाची कहाणी आहे. आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ साली बोटीनं अमेरिकेत आले. न्यू जर्सीच्या हद्दीला लागून असलेल्या पर्ल रिव्हर इथल्या लेडरली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या देखरेखीखाली हे औषध तयार झालं, ते कर्करोगासाठी. १९४८ साली सुब्बाराव गेले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९८८ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ते आमवातासाठी मंजूर केलं. आजही उपचाराची सुरुवात बहुतेकदा त्यानंच होते.

नव्वदीच्या दशकात लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की टीएनएफ नावाचं एक प्रथिन अडवलं की सांध्यांची सूज उतरते. त्यातून बायॉलॉजिक औषधांचं युग सुरू झालं. १९९८ साली एन्ब्रेलला आणि २००२ च्या अखेरीस ह्युमिराला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

पण महाग औषध म्हणजे हमखास जास्त गुणकारी, असं नाही. ग्लासगोमधल्या ११० रुग्णांच्या अभ्यासात (२००४) औषधं जुनीच होती. फरक एवढाच, की एका गटाला दर महिन्याला तपासून, सूज उतरेपर्यंत उपचार वाढवत नेले. १८ महिन्यांनी त्या गटातल्या ६५ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, तर नेहमीच्या पद्धतीनं तपासलेल्या गटात फक्त १६ टक्क्यांचा. दुसरा अभ्यास २०१३ सालचा, अमेरिका आणि कॅनडातल्या ३५३ रुग्णांचा. मेथोट्रेक्सेट पुरेसं न पडलेल्या या रुग्णांपैकी काहींना आणखी दोन स्वस्त गोळ्या (सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) जोडून दिल्या, काहींना एन्ब्रेल. ज्यांना गुण आला नाही त्यांचे उपचार सहा महिन्यांनी बदलले. अखेरीस स्वस्त गोळ्यांपासून सुरुवात केलेला गट मागे पडला नाही.

नव्या गोळ्यांची दुसरी बाजूही पुढे आली आहे. झेलजान्झ या गोळीचा पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या ४,३६२ रुग्णांवर अभ्यास झाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोग यांचं प्रमाण टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा थोडं जास्त दिसलं. आमवातामुळे मुळातच हृदयाचा धोका वाढतो, आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांत तो तसाही जास्त. तेव्हा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्याकडे दुर्लक्ष नको.

एक आशेची बातमी. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २१३ लोकांना सांधेदुखी होती, रक्तात खुणा होत्या, पण सूज अजून आली नव्हती. त्यांतल्या निम्म्या लोकांना वर्षभर अबॅटासेप्ट हे इंजेक्शन दिलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षाअखेर औषध घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना सांध्यांचा आजार झाला. औषध थांबल्यावर दुसऱ्या वर्षाअखेर हे आकडे २५ आणि ३७ असे जवळ आले. म्हणजे आजार टळला असं म्हणता येत नाही, पण लांबला नक्की.

आपल्या लोकांनी विशेष जपायच्या गोष्टी

क्षय: आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात लहानपणी शिरलेले क्षयाचे जंतू निपचित पडून असतात. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी ते जागे होऊ शकतात, हे २००१ मध्येच लक्षात आलं. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. दंडावर बीसीजीचा व्रण असेल तर त्वचेवरची चाचणी फसवू शकते, म्हणून क्वांटिफेरॉनसारखी रक्ततपासणी मागून घ्या. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असेल तर लाज न बाळगता सांगा.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यानं लोक दगावले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डबीवर वार मोठ्या अक्षरात लिहा. सोबत फॉलिक अॅसिड, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा यकृताची तपासणी. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही.

काढे आणि भस्मं: बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. करोनाच्या साथीत मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झालेली आढळली. तेल चोळा, शेक घ्या, त्यानं बरंच वाटतं. पोटात काही घेत असाल तर मात्र डॉक्टरांना सांगा. आणि दुसऱ्यानं दिलेली बिननावाची गोळी कधीही घेऊ नका. माझं बोट त्याला साक्षी आहे.

पैशाचं गणित

मेथोट्रेक्सेट आणि वरच्या दोन गोळ्या जेनेरिक असल्यानं विम्याशिवायही परवडण्यासारख्या आहेत. बायॉलॉजिकची गोष्ट वेगळी. २०२३ साली एन्ब्रेलची महिन्याची छापील किंमत ७,१०६ डॉलर होती. मेडिकेअरनं वाटाघाटी करून ती २,३५५ डॉलरवर आणली, आणि हा दर जानेवारी २०२६ पासून मेडिकेअरपुरता लागू झाला. ह्युमिराला जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत बायोसिमिलर पर्याय मिळू लागले. 'याचं बायोसिमिलर माझ्या विम्यात आहे का?' हे विचारायला संकोचू नका.

नोकरीच्या विम्याची दरवर्षीची निवड करताना फक्त मासिक हप्ता पाहू नका. आपलं औषध यादीत आहे का, पूर्वपरवानगी लागते का आणि वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाईल, हे पाहा. औषध कंपनीचं कोपे कार्ड मिळत असेल तर ती रक्कम डिडक्टिबलमध्ये धरतात का, तेही विचारा. हे कार्ड मेडिकेअरवाल्यांना चालत नाही.

नोकरी सुटली तर २० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीचा विमा कोब्रा कायद्याखाली साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. निर्णयाला ६० दिवस मिळतात. हप्ता सगळा आपल्यालाच भरावा लागतो, पण उपचारात खंड पडत नाही.

मेडिकेअरच्या पार्ट डी मध्ये औषधांवरचा स्वतःचा वार्षिक खर्च २०२५ साली २,००० डॉलरपर्यंत मर्यादित झाला, आणि २०२६ साठी ही मर्यादा २,१०० डॉलर आहे. दवाखान्यात शिरेतून दिलेली औषधं मात्र पार्ट बी मध्ये येतात आणि त्यांचे साधारण २० टक्के आपल्याकडे राहतात. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांना वयाच्या ६५ नंतर, सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर, हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं. पाहुणे म्हणून येणाऱ्यांच्या प्रवासी विम्यात जुना आजार सहसा धरला जात नाही. त्यांनी आपली औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणावी.

शेवटी एवढंच

सांधे सुजले, सकाळी आखडू लागले आणि दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि "मला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवा" असं स्पष्ट सांगा. भेटीची तारीख लांबची मिळाली तर रद्द झालेल्या वेळांच्या यादीत नाव घाला. सुजलेल्या बोटांचे सकाळी फोटो काढून ठेवा, कारण दुपारी डॉक्टरांसमोर ती बरी दिसतात. भारतातल्या आई-बहिणींना फोनवर "हात कसे आहेत?" एवढं जरूर विचारा.

यंदाच्या गणपतीत मी ११ मोदक हातानं केले. पाकळ्या जरा वाकड्या आल्या, पण सारण बाहेर आलं नाही. लवकर गेले असते तर ५१ केले असते. तुम्ही लवकर जा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधं सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.)