फ्रामजी कावसजी तलावाचा स्मृतिलेख

फ्रामजी कावसजी तलावाचा स्मृतिलेख हा दक्षिण मुंबईतील धोबी तलाव परिसरातील एक शिलालेख आहे. मुंबईतील पारशी व्यापारी फ्रामजी कावसजी बनाजी (१७६७–१८५१) यांनी १८३१ मध्ये येथील सार्वजनिक तलावाला स्वतःच्या बागेतील पाणी पुरवले, त्याची नोंद या लेखात आहे.

पार्श्वभूमी

नळाचे पाणी येण्यापूर्वी मुंबईकर विहिरी व तलावांवर अवलंबून होते. समुद्राने वेढलेल्या या बेटावरील बऱ्याच विहिरींचे पाणी मचूळ असे आणि तलाव पावसावर भरत, त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्याचे हाल होत. विहीर खोदणे किंवा तलाव बांधणे हे पुण्यकर्म मानले जाई. चर्चगेटजवळील भिखा बेहराम विहीर (१७२५) आणि गिरगावच्या वेशीवरचा कावसजी पटेल तलाव, म्हणजेच आजचा सी. पी. टँक, ही त्याची ठळक उदाहरणे होत. कोटाबाहेरच्या देशी वस्तीची लोकसंख्या वाढत गेली, तसे हे साठे अपुरे पडू लागले.

देणगीचे स्वरूप

गिरगावातील मुगभाट येथे फ्रामजींच्या ताब्यात बागा होत्या. (मुगभाट, बोरभाट या नावांत गिरगावच्या जुन्या शेतवाडीची खूण आजही टिकून आहे.) तेथील विहिरींचे पाणी उपसून ते नळांवाटे तलावात आणण्याची व्यवस्था त्यांनी मोठा खर्च करून केली.

तथापि स्मृतिलेखाचे वेगळेपण या खर्चात नाही. पाणीपुरवठ्याची ही जबाबदारी फ्रामजींनी लोकहितार्थ आपल्या बागांवर कायमचा भार म्हणून लादून घेतली, असे लेखात नमूद आहे. तलाव बांधून देणाऱ्याचे दान एकदाच होते. येथे मात्र जमीन मालकाकडेच राहिली आणि तिच्या पाण्यावरचा हक्क लोकांकडे गेला. ग्रामीण महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात दुसऱ्यांचे हक्क व बोजे नोंदवतात. कल्पना साधारण तशीच आहे, फरक इतकाच की हा बोजा मालकाने कर्जापोटी नव्हे, तर आपखुशीने स्वीकारला होता. अशा दानाची आठवण पुसली गेली, तर हक्कही विसरला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे हा लेख केवळ गौरवपर नसून एक प्रकारचा जाहीर दस्तऐवजही ठरतो.

फ्रामजी कावसजी

फ्रामजींकडे पवईची विस्तीर्ण जमीनही होती व तेथे त्यांनी शेतीचे निरनिराळे प्रयोग केले. १८३८ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी इंग्लंडला आंबे पाठवले होते. चर्नी रोड येथील बनाजी आतश बेहराम (१८४५) हे अग्निमंदिर त्यांनी भावांसह वडिलांच्या स्मरणार्थ उभारले.

त्यांच्या मृत्यूनंतर स्मारकनिधी जमवून धोबी तलाव येथे फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट ही इमारत बांधण्यात आली. तिचे सभागृह एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे एक केंद्र होते. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक कर्नल ऑल्कॉट यांचे भारतातील पहिले जाहीर व्याख्यान २३ मार्च १८७९ रोजी येथेच झाले. पीपल्स फ्री रीडिंग रूम अँड लायब्ररी हे वाचनालयही याच इमारतीत आहे.

तलावाचा शेवट

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात येऊ लागले आणि जुन्या तलावांची निकड कमी झाली. पुढे ते डासांची पैदास करणारी ठिकाणे म्हणून पाहिले जाऊ लागले. मुंबईतील हिवतापाविषयीच्या डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने शहरातील विहिरी व पाणीसाठ्यांविरुद्धच्या मोहिमेला बळ मिळाले. त्यात कित्येक चांगल्या विहिरीही बंद झाल्या.

फ्रामजींच्या नावाचा तलावही बुजवला गेला. कायमचा म्हणून स्वीकारलेला भार अशा रीतीने निरर्थक झाला, कारण पाणी घ्यायला तलावच उरला नाही. मेट्रो चित्रपटगृहाजवळच्या या गजबजलेल्या चौकाला वासुदेव बळवंत फडके यांचे नाव देण्यात आले असले, तरी परिसराला लोक अजूनही ‘धोबी तलाव’ असेच म्हणतात.