घराचे काँक्रीट आणि ऋतुमान

परभणी जिल्ह्यातील खेड्यांत पूर्वी माळवदाची घरे पुष्कळ असत. मृग लागण्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकून ते चोपून घेणे हे घरधन्याचे दरवर्षीचे ठरलेले काम होते. आता माळवदाची जागा सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब घेत आहे. परंतु स्लॅब एकदा घातला की ऊन, पाऊस व थंडी यांच्याशी त्याचा संबंध संपला, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. ही समजूत चुकीची आहे. सिमेंट, सळई आणि गवंडी तेच असूनही केवळ ऋतू बदलल्याने एक स्लॅब पक्का होतो व दुसरा गळू लागतो. शेतकऱ्याची अनेक वर्षांची बचत घरात गुंतलेली असते. यास्तव पेरणीप्रमाणेच स्लॅबचाही हंगाम पाहणे अगत्याचे आहे.

काँक्रीट पक्के कसे होते?

काँक्रीट वाळून घट्ट होते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगाने ते घट्ट होते व हा संयोग अनेक दिवस चालतो. बी पेरल्यावर उगवण होईपर्यंत जशी ओल टिकावी लागते, तद्वत काँक्रीटमध्येही ओल टिकावी लागते. ओल आधीच उडाली तर काम अर्धवट राहते आणि मागाहून कितीही पाणी मारले तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही. मात्र मिश्रण कालवताना जास्त पाणी घालणे तितकेच घातक होय. जादा पाणी उडून गेल्यावर आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. स्लॅबसाठी एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी हे प्रमाण असल्यास ५० किलोच्या एका पोत्यास २७ ते २८ लिटरांहून अधिक पाणी घालू नये. पाणी पिण्याजोगे असावे. खारट पाणी वापरू नये.

उन्हाळा

शेतीची कामे आटोपलेली असतात व पावसापूर्वी घर उभे करण्याची घाई असते, म्हणून बरीच बांधकामे एप्रिल-मे महिन्यांत निघतात. परंतु या जिल्ह्यात त्या वेळी पारा ४० अंशांच्या वर जातो आणि वारा कोरडा असतो. काँक्रीट लवकर आवळते, पृष्ठभागावरील पाणी झपाट्याने उडते व काही तासांतच बारीक भेगा पडतात. आवळू लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो सैल करण्याची रीत सर्वथा वर्ज्य करावी.

उन्हाळ्यात काम करणे भागच असेल तर ते पहाटे अथवा दुपार टळल्यावर सुरू करावे. खडी आदल्या दिवशी भिजवावी, पाणी सावलीत साठवावे आणि सेंटरिंगच्या फळ्या ओल्या कराव्यात. पृष्ठभाग सारखा करून होताच त्यावर ओले तरट किंवा प्लास्टिकचा कागद पसरावा. दुसऱ्या दिवशी आळी बांधून पाणी भरावे. सन २००० च्या भारतीय मानक ४५६ मध्ये साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस व मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस ओल राखण्यास सांगितले आहे; कोरड्या व उष्ण हवेत ही मुदत अनुक्रमे १० व १४ दिवस धरावी. राखमिश्रित पोझोलाना सिमेंट हे मिश्र सिमेंट होय. पोत्यावरील मजकूर वाचून मुदत ठरवावी.

पाण्याचा हिशेब आधी करावा. प्रधानमंत्री आवास योजनेतील (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. एवढ्या स्लॅबवर ५ सेंटिमीटर पाणी भरण्यास १,२५० लिटर लागते. रोज १ सेंटिमीटर पाणी उडाले असे धरल्यास पुढे दररोज २५० लिटर, म्हणजे १४ दिवसांत एकंदर सुमारे ४,५०० लिटर पाणी हवे. सन २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी स्लॅबसाठी पाणी कोठून मिळणार? टंचाई असेल तेथे ओल्या तरटावर प्लास्टिक अंथरून कडा दाबाव्यात. त्यामुळे पाण्याची पुष्कळ बचत होते.

पावसाळा

पावसाळ्यात ओल आपोआप मिळते, पण मिश्रणाचे प्रमाण बिघडते. एका पोत्यामागे सुमारे ७५ ते ८० किलो वाळू लागते. तिच्यात शेकडा ५ ओल असल्यास जवळजवळ ४ लिटर पाणी वाळूबरोबरच येते. तेवढे पाणी वरून कमी घालावे. शिवाय ओलसर वाळू फुगते, म्हणून घमेल्याच्या मापात ती प्रत्यक्षात कमी भरते. काम चालू असताना पावसाची सर आल्यास वरचे सिमेंट वाहून जाते. यासाठी ताडपत्री जवळ असावी. सिमेंटची पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत. साठवलेल्या सिमेंटची शक्ती तीन महिन्यांत सुमारे पाचव्या हिश्शाने घटू शकते. गाठी झालेले सिमेंट स्लॅबसाठी वापरू नये.

हिवाळा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल होय. विहिरींना पाणी असते, सोयाबीनचा पैसा हाती आलेला असतो आणि काँक्रीट सावकाश व भक्कम जमते. कापूस वेचणीमुळे मजुरांची अडचण पडते खरी. त्यासाठी दिवस आधी ठरवून ठेवावा. थंडीतही हवा कोरडी असते, म्हणून पाणी मारण्यात कसूर करू नये.

टेकू काढण्याची घाई मात्र टाळावी. साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्यास किमान ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्यास १४ दिवस ठेवावेत, असा नियम आहे. परंतु तो तापमान १५ अंशांखाली जात नाही असे धरून केलेला आहे. परभणीस डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. म्हणून या दिवसांत, तसेच मिश्र सिमेंट वापरल्यास, टेकू आणखी काही दिवस ठेवावेत.

पुढील निगा

माळवदाप्रमाणे स्लॅबचीही मृगापूर्वी पाहणी करावी. पऱ्हाट्या व कडबा स्लॅबवर रचल्याने पन्हळी तुंबतात. त्या मोकळ्या कराव्यात. पाणी साचत असेल तेथे उतार सुधारावा व भेगा कोरड्या हवेत बुजवाव्यात. पाणी सळईपर्यंत पोहोचले की ती गंजून फुगते आणि खालची खपली सुटते. छतावर तांबूस डाग दिसल्यास नुसता गिलावा करून ते झाकू नयेत. सैल भाग काढून व सळई घासूनच दुरुस्ती करावी. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा आणि घराभोवती बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरकुलाचे काम निघताच सिमेंटचा प्रकार, पाण्याची सोय व टेकू काढण्याची तारीख या तीन गोष्टी घरमालकाकडून आधी निश्चित करून घ्याव्यात. यास वेगळा खर्च नाही; चुकीच्या हंगामाची किंमत मात्र घरास पुढे अनेक वर्षे मोजावी लागते.