मेणवलीचा वाडा आणि त्याचे गेलेले कागद

वाईहून कृष्णेच्या काठाने तीनेक किलोमीटर गेले की मेणवली लागते. हल्ली इथे येणारे बरेच जण ‘स्वदेस’मधला घाट पाहायला येतात. पायऱ्यांवर फोटो काढतात, घंटेखाली उभे राहतात आणि पाचगणीच्या रस्त्याला लागतात. वाडा पाहायचा राहूनच जातो.

हा वाडा नाना फडणवीसांचा. बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२चा, साताऱ्यातलाच. औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी १७६८मध्ये त्यांना मेणवली इनाम दिली. नानांनी गाव वसवले, वाडा उठवला, कृष्णेला घाट बांधला, शंकराचे आणि विष्णूचे देऊळ उभारले. तेव्हा इंग्लंडात तिसरा जॉर्ज गादीवर होता आणि बाथ शहरात रॉयल क्रेसेंट ही घरांची देखणी अर्धगोल ओळ बांधून होत होती. तिच्यातले पहिले घर आज संग्रहालय आहे, त्या काळच्या सामानाने नीट मांडलेले. मेणवलीला असे मांडून ठेवलेले फारसे काही नाही. वाडा नानांच्या वंशजांकडेच राहिला, म्हणून तो घरासारखाच राहिला.

सहा चौकांचे हे घर. दगडी जोते, जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, भिंतीत कोनाडे. एक चौक ओलांडावा तर पुढे दुसरा, आणि जितके आत जावे तितके घर खासगी होत जाते. कारभारी माणसाच्या घराला हे शोभतेच. भिंतींवर गणपती, कृष्ण, दशावतार यांची पेशवाई थाटाची चित्रे आहेत. रंग विटलेत, पण रेषेतला डौल टिकून आहे. नानांचा म्हणून दाखवतात तो पलंगही पाहावा. बारभाईंच्या कारस्थानापासून पुढे पाव शतक ज्याच्या शब्दावर पुणे चालले, त्याची झोपायची जागा पाहताना उगाच वाटते, झोप कितपत लागत असेल?

घाटावरची घंटा हे वेगळेच प्रकरण. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. भीमाशंकरला तशीच एक आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. देवळापाशी टांगताना ती मूर्ती कोणी घासून काढली नाही.

या घराचे खरे धन मात्र भिंतींत नव्हते. १८००मध्ये नाना गेले आणि त्यांच्या मागे मेणवलीला कागद उरले: पत्रे, हिशेब, वकिलांच्या बातम्या. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी हे दफ्तर मिळवले आणि ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून त्यातले बरेच छापले. १९२५मध्ये त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात संग्रहालय उघडले. पुढच्याच वर्षी पारसनीस वारले. १९३९मध्ये सगळा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला आणि आजही तिथल्या मराठा इतिहास संग्रहालयात आहे.

सातारकरांना याची हळहळ वाटते, ती रास्तच आहे. तरीही मला वाटते, कागद गेले म्हणूनच वाचले. वाळवी, पावसाळा आणि वाटण्या यांतून खासगी दफ्तरे क्वचितच निभावतात. दुसरा मार्ग कृष्णेच्याच खोऱ्यात, मिरजेला दिसतो. तिथल्या हायस्कुलातले शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’चे खंडामागून खंड काढले. नानांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. सरकारी खात्याचे काम एका शाळामास्तराने मिरजेत बसून केले.

कागद आता परत येणार नाहीत, आणि आणूही नयेत. पण डेक्कन कॉलेजने निवडक पत्रांच्या मोठ्या प्रती करून, मोडीशेजारी बाळबोध वाचन देऊन त्या वाड्याच्या एका सोप्यात लावायला द्याव्यात. खर्च फार नाही. आणि वाचकहो, मेणवलीला जाल तेव्हा आधी वाडा पाहा, मग घाटावर उतरा.