ताणवणांवरील लेसर उपचार

त्वचा थोड्या काळात फार ताणली गेल्यास तिच्या आतील थरातील कोलॅजन व इलॅस्टिन तंतू तुटतात आणि रेषांसारखे वण उमटतात. त्यांना ताणवण किंवा स्ट्रेच मार्क्स म्हणतात. लेसर उपचारामुळे हे वण फिके व सपाट होऊ शकतात. मात्र ते पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. हे वण आरोग्यास अपायकारक नसल्याने हा उपचार ऐच्छिक असतो.

कारणे

गर्भारपण, वयात येतानाची झपाट्याने होणारी वाढ, वजनातील वाढ आणि स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर ही प्रमुख कारणे होत. गर्भवतीच्या अशा रेषांचा उल्लेख चरकसंहितेत 'किक्किस' या नावाने आढळतो.

कार्यपद्धती

नवे वण लालसर किंवा जांभळट असतात. ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पल्स्ड डाय लेसर रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो व लाली कमी होते. जुन्या, पांढरट वणांसाठी फ्रॅक्शनल लेसर वापरतात. २००४ साली मांडल्या गेलेल्या या तंत्रात त्वचेवर सूक्ष्म उष्णबिंदू निर्माण केले जातात. मधली त्वचा अबाधित राहते आणि जखम भरताना नवे कोलॅजन तयार होते. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. जुन्या वणांपेक्षा नवे वण उपचाराला अधिक प्रतिसाद देतात.

खानदेशातील संदर्भ

गव्हाळ व सावळ्या त्वचेतील मेलॅनिनही लेसरची ऊर्जा शोषते. त्यामुळे उपचारानंतर काळे डाग पडण्याचा धोका असतो व ऊन लागल्यास तो वाढतो. जळगाव व धुळे जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. म्हणून उन्हात काम करणाऱ्यांनी उपचाराची वेळ ठरवताना ऋतूचा विचार करणे हिताचे ठरते.

उष्ण हवेत घामामुळे जांघेत व काखेत गजकर्ण होते. त्यावर स्टेरॉइडमिश्रित मलम मनाने लावल्यास त्याच जागी कायमचे ताणवण उमटू शकतात. अशा वेळी लेसरपूर्वी मूळ संसर्गावर योग्य उपचार घेणे आवश्यक असते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी १४ स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली.

सल्ला

गर्भारपणात हा उपचार सहसा टाळला जातो. प्रसूतीनंतर वण काही महिन्यांत आपोआप फिके होतात, त्यामुळे घाई करण्याचे कारण नसते. धुळे व जळगाव (स्थापना २०१८) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. खर्चिक उपचाराचा निर्णय घेण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांकडून निदान करून घ्यावे.