एफ-१ दाबलं आणि पान कोरं! नेटवर्कवरच्या सॉफ्टवेअरला हेल्प फाइल कोणती द्यावी?

फोनवरच्या अ‍ॅपमध्ये काही अडलं की आपण सरळ गुगल करतो. पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आजही एफ-१ दाबून हेल्प उघडणारी माणसं आहेत. त्यांच्यामुळेच मला हा धडा मिळाला.

घोटीतल्या एका राइस मिलला मी बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. तिथे तीन कॉम्प्युटर. प्रोग्राम आणि हेल्प फाइल एका मशीनवरच्या शेअर फोल्डरमध्ये, बाकीचे दोन नेटवर्कवरून तेच उघडायचे. दिवाळीनंतर भाताची आवक वाढली आणि दिवाणजींचा फोन आला, "अहो, तुमचं हे पान कोरंच दिसतंय!"

परत आलेल्या मालाची नोंद कशी करायची, ते त्यांना बघायचं होतं. हेल्प उघडेना, म्हणून त्यांनी जुनं बिलच बदललं. संध्याकाळी गोदामातली पोती आणि कॉम्प्युटरमधला स्टॉक जुळेना. चूक त्यांची नव्हती. फॉरमॅट मी चुकीचा निवडला होता.

सीएचएम म्हणजे काय?

वेब पानं, चित्रं आणि अनुक्रमणिका एकत्र बांधून केलेली एकच फाइल. मायक्रोसॉफ्टने ती १९९७ मध्ये आणली. एकच फाइल असल्यामुळे द्यायला सोपी, म्हणून मीही तीच दिली.

मग पान कोरं का?

सीएचएममधली पानं इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन दाखवतं आणि त्या पानांत स्क्रिप्टही असू शकते. म्हणजे बाहेरून आलेली फाइल तुमच्या मशीनवर नको ते चालवू शकते. हा धोका लक्षात आल्यावर जून २००५ च्या सिक्युरिटी अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने नेटवर्कवरच्या सीएचएमवर बंदी घातली. डावीकडे विषयांची यादी दिसते, उजवीकडे मजकूर येत नाही. शेअर फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर दिलं तरी फरक पडत नाही. माझ्या लॅपटॉपवर फाइल त्याच डिस्कवर होती, त्यामुळे मला हे कधी दिसलंच नाही.

रजिस्ट्रीत बदल करून ही बंदी सैल करता येते. पण ते प्रत्येक मशीनवर करावं लागतं आणि दुसऱ्या कुणाच्या वाईट फाइललाही दार उघडं होतं. म्हणून मी ते टाळलं.

मराठीची अडचण वेगळीच. सीएचएमची अनुक्रमणिका युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने चालते. त्यात देवनागरी नीट दिसत नाही, म्हणून मला विषयांची नावं इंग्रजीत द्यावी लागली होती.

पर्याय काय होते?

- प्रत्येक मशीनवर सीएचएमची कॉपी: चालतं, पण प्रत्येक बदल तीन ठिकाणी करावा लागतो.
- पीडीएफ: प्रिंट काढायला उत्तम. पण एफ-१ दाबल्यावर नेमक्या विषयावर नेणं कटकटीचं, आणि फोनवर सारखं झूम करावं लागतं.
- ऑनलाइन हेल्प: नेहमी ताजी. पण इगतपुरी तालुक्यातला पाऊस तुम्हाला माहीत असेलच. नेट गेलं की हेल्पही गेली.
- साध्या एचटीएमएल पानांचं फोल्डर: शेअर फोल्डरमधूनही ब्राउझरमध्ये उघडतं, मराठी नीट दिसतं, नेट लागत नाही.

मी शेवटचा पर्याय घेतला. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. एक, प्रत्येक विषयाला वेगळं पान. फाइलच्या पत्त्यात # लावून पानाच्या मधल्या भागावर न्यायला गेलं, तर विंडोज बऱ्याचदा तो भाग गाळून टाकतं. दोन, शोधण्यासाठी लागणारी शब्दांची यादी जावास्क्रिप्ट फाइलमध्येच ठेवली. कारण असं फाइलवरून उघडलेलं पान दुसरी फाइल वाचायला गेलं की क्रोम अडवतं.

तुमच्यासाठी एक टिप

डाउनलोड केलेली सीएचएम कोरी दिसली, तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'चा चौकोन असतो. पण फाइल कुठून आली याची खात्री असेल तरच त्यावर टिक करा.

आता मी कुठलंही सॉफ्टवेअर देताना आधी ग्राहकाच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतो आणि एफ-१ दाबून बघतो. दोन मिनिटं लागतात, पण दिवाणजींना पुन्हा पोती मोजायला लागत नाहीत.