सातासमुद्रापलीकडची गोतसभा

‘संमेलन’ हा शब्द उच्चारला की आपल्या मराठी मनासमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. भव्य मांडव, ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, पुस्तकांची दुकाने आणि या सर्वांवर तरंगणारा एखादा वाद. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले, तेव्हापासून लेखकांनी जमावे आणि वाचकांनी ऐकावे ही पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे. परंतु जगात संमेलनाचा आणखी एक प्रकार आहे. तो वाचकांनी वाचकांसाठी भरवलेला असतो. त्यात लेखक असला तर उत्तम, आणि तो दिवंगत झालेला असला तरी अडत नाही. अशाच एका छोट्या मेळाव्यासाठी परदेशी जावे की न जावे, हा प्रश्न गेले काही महिने माझ्यापुढे आहे. वर्गातील विद्यार्थ्यांनी त्याबद्दल अनेकदा विचारले, म्हणून हा प्रश्न नीट मांडून पाहावा, असे ठरवले. निर्णय माझा असला, तरी विचाराची पद्धत कोणाच्याही उपयोगी पडेल.

प्रथम या प्रकाराचा थोडा इतिहास पाहू. ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडमधील लीड्स या गावी विज्ञानकथांचे जेमतेम पंधरा-वीस वाचक एका सभागृहात जमले. त्यांत आर्थर क्लार्क नावाचा एक विशीच्या आतला तरुण होता. तो पुढे जगप्रसिद्ध लेखक झाला. अमेरिकेतील काही मंडळी याच्या आधी, १९३६ च्या ऑक्टोबरात, फिलाडेल्फियाला जमली होती. त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाचा यावर अजूनही गोड भांडण चालते. १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा उपस्थिती होती सुमारे दोनशे. ‘जागतिक’ म्हणावे आणि माणसे एका लग्नाच्या पंगतीएवढीही नसावीत, यात हसण्यासारखे काही नाही. मोठ्या गोष्टींची सुरुवात अशीच होते.

मग प्रश्न आला प्रवासाचा. साध्या वाचकाला समुद्र ओलांडणे परवडावे कसे? याचे उत्तर चाहत्यांनीच शोधले. बेलफास्टचे वॉल्ट विलिस हे हौशी नियतकालिक काढणारे गृहस्थ होते. १९५२ साली शिकागोच्या संमेलनाला त्यांना बोलावता यावे, म्हणून अमेरिकेतील वाचकांनी वर्गणी गोळा केली. विलिस गेले, आणि परत येऊन त्यांनी त्या प्रवासाचा वृत्तान्त लिहिला. या अनुभवातून १९५३ मध्ये ‘ट्रान्स-अटलांटिक फॅन फंड’ हा निधी स्थापन झाला. त्याची रीत मोठी विचार करण्याजोगी आहे. उमेदवार उभे राहतात. मत देणारा मताबरोबर थोडीशी रक्कम निधीत टाकतो. निवडून आलेला प्रवास करतो. परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. परत आल्यावर त्याने प्रवासवृत्त लिहावे अशी अपेक्षा असते, आणि पुढच्या माणसासाठी निधी सांभाळण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडते. घेतलेले पुढे पोहोचवायचे, असा हा व्यवहार आहे. पुढे १९७२ मध्ये उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यासाठी, आणि त्याच दशकाच्या अखेरीस युरोप आणि ऑस्ट्रेलिया यांच्यासाठी, असेच निधी निघाले. आपण भारतीय वाचक या तिन्ही वाटांच्या बाहेर पडतो. म्हणजे आपले तिकीट आपल्यालाच काढावे लागते, हे पहिले सत्य.

आता माझ्या संमेलनाविषयी. त्याचे नाव ‘ऑक्सनमूट’. जे. आर. आर. टॉल्किन या लेखकाच्या वाचकांचा हा वार्षिक मेळावा ऑक्सफर्डला भरतो. टॉल्किन हे १९२५ पासून १९५९ पर्यंत ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. जुनी इंग्रजी भाषा हा त्यांचा अभ्यासविषय. ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाले. १९६९ मध्ये व्हेरा चॅपमन या बाईंनी इंग्लंडमध्ये ‘टॉल्किन सोसायटी’ स्थापन केली. १९७३ मध्ये लेखक निवर्तले. तरी संस्थेचे मानद अध्यक्षपद आजही त्यांच्याच नावावर आहे. १९७४ मध्ये पहिले ऑक्सनमूट भरले. कादंबरीतील बिल्बो आणि फ्रोडो यांचा वाढदिवस २२ सप्टेंबरचा, म्हणून मेळावा त्या सुमारास घेण्याची प्रथा पडली. अलीकडे मात्र तो ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, विद्यापीठाला सुट्टी असताना, एखाद्या कॉलेजच्या आवारात भरतो. विद्यार्थी घरी गेलेले असल्यामुळे त्यांच्या खोल्यांत उतरण्याची सोय होते. तीन-चार दिवस निबंधवाचन, व्याख्याने, प्रश्नमंजूषा, चित्रप्रदर्शन, वेशभूषा, जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री असा कार्यक्रम चालतो. रविवारी सारे जण वुल्व्हरकोटच्या दफनभूमीत जाऊन लेखकाच्या समाधीवर फुले वाहतात. त्याच समाधीत त्यांची पत्नी एडिथ विसावली आहे, आणि दगडावर दोघांच्या नावांखाली ‘बेरेन’ आणि ‘लूथियेन’ ही त्यांच्याच कथेतील प्रेमिकांची नावे कोरलेली आहेत.

या मेळाव्याला माणसे येतात काहीशे. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या प्रसिद्ध कॉमिक-कॉनला एक लाख तीस हजारांच्या वर गर्दी लोटते, त्यापुढे ही संख्या म्हणजे समुद्रापुढे विहीर. परंतु तहान भागवायची ती विहीरच. मोठ्या जत्रेत आपण रांगेत उभे राहून दुरून नटनट्या पाहतो. छोट्या मेळाव्यात सकाळी ज्याचा निबंध ऐकला तो दुपारी जेवणाच्या टेबलावर आपल्या शेजारी असतो. व्यासपीठ आणि श्रोते यांत अंतर नाही, कारण आजचा श्रोता उद्याचा वक्ता असतो. हा गुण संख्येतून येतो, आणि संख्या वाढली की तो जातो.

हे सगळे खरे, पण खर्च? मी आपल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. जेवढे तास, तेवढे मानधन. रजा घेतली तर तेवढे दिवस कोरडे. चार वर्षांत काटकसरीने माझ्याजवळ दोन लाख तीस हजार रुपये साठले आहेत. मुंबई ते लंडन जाण्यायेण्याचे तिकीट मला सत्तर हजारांच्या घरात पडेल. मेळाव्याची वर्गणी, कॉलेजची खोली, लंडनच्या विमानतळावरून ऑक्सफर्डची बस, जेवणखाण, विम्याचा हप्ता, गरम कपडे, आणि एवढे लांब गेल्यावर ग्रंथालये पाहण्यासाठी आणखी दोन-तीन दिवस. एका पौंडाला शंभराहून अधिक रुपये मोजायचे, म्हणजे तिथला साधा चहासुद्धा इथल्या जेवणाच्या भावात. बेरीज एक लाख पंच्याण्णव हजारांपर्यंत जाते.

यानंतर येतो व्हिसा. पासपोर्टचे दीड हजार रुपये भरले की काम होते. व्हिसाचे तसे नाही. ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या पाहुणा-व्हिसाची फी २०२५ च्या एप्रिलपासून १२७ पौंड झाली. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. अर्ज नामंजूर झाला तर फी परत मिळत नाही, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ‘पूर्वी नकार मिळाला होता’ हे लिहावे लागते. अधिकाऱ्यासमोरचा मुख्य प्रश्न एकच असतो: हा माणूस परत जाईल का? कायम नोकरी, स्वतःचे घर, बायकामुले ही त्याची नेहमीची उत्तरे. दर सत्राला नव्याने नेमणूक होणाऱ्या अविवाहित शिक्षकाला ही उत्तरे देणे जड जाते. म्हणून ज्यांना कोणाला जायचे असेल त्यांनी हा क्रम पाळावा: आधी व्हिसा, मग तिकीट. उलट केले तर दोन्ही पैसे बुडण्याचा धोका.

याखेरीज एक घरगुती बाब आहे. आमच्या गावाकडच्या घराची कौले जुनी झाली आहेत आणि वासे दोन ठिकाणी कुजले आहेत. सुताराने नव्वद हजारांचा अंदाज दिला आहे. आई तिथे एकटीच राहते. शिवाय मेळाव्याचे दिवस म्हणजे बहुधा आपल्या गणपतीच्या आगेमागचे दिवस. दोन लाख तीस हजारांत प्रवास आणि छप्पर ही दोन्ही कामे एका वर्षात होत नाहीत, हे पहिलीतले पोरही सांगेल.

मग जाण्याची इच्छा ही निव्वळ चैन मानून बाजूला सारावी का? मला तसे वाटत नाही. मी ज्या गावात राहतो तिथे या पुस्तकांविषयी बोलावे असा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. चित्रपट पाहिलेले पुष्कळ आहेत. पुस्तकाच्या शेवटच्या परिशिष्टांपर्यंत गेलेला कोणी नाही. पंधरा वर्षे एखादे पुस्तक एकट्याने वाचत राहणे म्हणजे पंधरा वर्षे एकट्यानेच भजन म्हणण्यासारखे आहे. देव पावत नाही असे नाही. पण टाळाला टाळ लागत नाही. वारकरी घरच्या घरी विठ्ठलाचे नाव घेऊ शकत असताना दिंडीत का चालतो, याचे उत्तर ज्याला ठाऊक आहे त्याला माझी ओढ समजेल.

तरीही ओढ हे कारण झाले, निकष नव्हे. पुष्कळ विचारांती मी एक निकष ठरवला: मला तिथे काय मिळेल, यापेक्षा तिथे नेण्यासारखे माझ्याजवळ काय आहे? काहीशे माणसांच्या मेळाव्यात रिकाम्या हाताने गेलेला माणूस पर्यटक ठरतो. काही घेऊन गेलेला माणूस सभासद होतो.

माझ्याजवळ काय आहे ते सांगतो. टॉल्किन यांनी आपल्या कादंबरीतील नावांचे भाषांतर कसे करावे याविषयी अनुवादकांसाठी सविस्तर टिपण लिहिले होते. ते १९७५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. डच आणि स्वीडिश अनुवादांतील नावे पाहून ते नाराज झाले होते, त्यातून हे टिपण निघाले. ज्या नावांचा अर्थ इंग्रजी वाचकाला जाणवतो, त्यांचा अर्थ अनुवादाच्या वाचकालाही जाणवावा, असा त्यांचा आग्रह. आता मराठीत पाहा. हॉबिट लोकांच्या प्रदेशाचे नाव देवनागरीत जसेच्या तसे लिहिले तर होते ‘शायर’, आणि मराठी वाचकाला वाटते की हा गझला लिहिणाऱ्यांचा देश आहे! मूळ शब्दाचा अर्थ शासनाचा एक विभाग. आपला ‘परगणा’ तिथे चपखल बसतो. ‘बॅगिन्स’ या आडनावात पिशवीचा नाद ऐकू यावा अशी लेखकाची इच्छा होती. ‘पोतनीस’ हे आपले खजिन्याशी नाते सांगणारे आडनाव तिथे किती शोभेल! आणि ‘मूट’? हा जुन्या इंग्रजीतील शब्द, अर्थ सभा. जुन्या काळी गावकरी आणि वतनदार एकत्र बसून तंट्यांचा निवाडा करीत, तिला आपण ‘गोतसभा’ म्हणत असू. गोत म्हणजे आपली माणसे. ऑक्सनमूट म्हणजे ऑक्सफर्डची गोतसभा. मराठेशाहीच्या कागदपत्रांतील शब्दसंपत्ती या कादंबरीला कशी पुरी पडते, यावर वीस मिनिटांचा निबंध मी लिहू शकतो. डच, स्वीडिश अनुवादांची चर्चा त्या मंडळींनी पुष्कळ केली आहे. परगणा आणि गोतसभा हे शब्द त्यांना नवे असतील.

निकष सापडल्यावर निर्णय सोपा झाला. २०२० च्या साथीत हा मेळावा संपूर्णपणे संगणकाच्या पडद्यावर भरला होता. त्यानंतर प्रत्यक्ष उपस्थितीबरोबरच दुरून सहभागी होण्याची सोयही ठेवली गेली. तेव्हा यंदा मी घरबसल्या सहभागी होणार आणि निबंध पाठवणार. पडद्यावर व्याख्यान पुरते मिळते; जेवणाचे टेबल आणि रविवारची फुले मिळत नाहीत, हे मी जाणतो. परंतु नाव आणि काम आधी पोहोचले, तर पुढच्या वर्षी मी तिथे परका म्हणून उतरणार नाही. आणि व्हिसाच्या अर्जालाही ‘कशासाठी जाता?’ याचे लेखी उत्तर जोडता येईल. साठलेल्या पैशांतून छप्पर याच उन्हाळ्यात होईल, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही आणि मेळावा दरवर्षी भरतो. उरलेले एक लाख चाळीस हजार मी मुदत ठेवीत टाकले आहेत. त्यात वर्षभरात पंचावन्न हजारांची भर घालावयाची आहे. त्यासाठी संध्याकाळच्या दोन शिकवण्या धरल्या आहेत. कर्ज काढायचे नाही, हा नियम.

या बेतात धोका आहे. पुढच्या सत्रात मला तास मिळतीलच अशी शाश्वती नाही, आणि तास नसले तर व्हिसाचे दार आणखी अरुंद होईल. हा धोका मी समजून उमजून पत्करला आहे. गळक्या घरात आईला ठेवून समाधीवर वाहिलेली फुले मला जड झाली असती.

विद्यार्थी मित्रहो, तुमचे पुस्तक वेगळे असेल, कदाचित पुस्तक नसून एखादा खेळ किंवा गाणे असेल. तुमची गोतसभा जपानात किंवा जर्मनीत भरत असेल. तिचे बोलावणे आले तर हसण्यावारी नेऊ नका. वहीचे एक पान घ्या. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला घरचे देणे लिहा, आणि मागच्या पानावर आपण काय घेऊन जाणार ते लिहा. मागचे पान कोरे राहिले तर अजून थोडे वाचा. ते भरले, तर पैसा साठवायला लागा. आणि गेलात तर विलिससारखे परत येऊन लिहा. पुढच्या अंकात तुमच्यासाठी जागा ठेवण्याची विनंती मी संपादकांना आजच करून ठेवतो.