हातांनीं शिकणारा मनुष्य

कांहीं माणसें ऐकीव वर्णनावर समाधान न मानतां वस्तु स्वतः उघडून पाहतात, चुकतात आणि पुन्हां जुळवितात. दादासाहेब फाळके ह्यांचा स्वभाव असाच होता. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणून त्यांनीं प्रथम वाटाण्याचें रोप घरीं वाढवून, त्याचीं ठराविक वेळानें चित्रें घेऊन, अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. असे लोक स्वतंत्र वृत्तीचे असतात, एकलकोंडे नव्हेत. फिल्मच्या कडांस भोकें पाडण्याचें कष्टाचें काम पत्नी सरस्वतीबाई ह्यांनीं केलें. बहुतेक दादर येथें सिद्ध झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत झळकला. म्हणून घड्याळ उघडून बसलेल्या मुलास रागावण्यापूर्वीं, तें पुन्हां जुळविण्यास त्यास अवधि द्यावा, इतकेंच आम्ही पालकांस विनवितों.